विसण न घातलेले पाणी

मी एक जुनी फळी आहे. पलंगाची नाही, दुकानाच्या दाराची नाही, झोपाळ्याची तर नाहीच नाही. माझे काम आयुष्यभर एकच, पाणी ढवळणे. जपानातल्या एका डोंगराळ गावात, उतरणीच्या दगडी वाटेच्या शेवटी, आमच्या आळीचे न्हाणीघर आहे. सगळे त्याला कासवाचे न्हाणीघर म्हणतात. मी इतकी वर्षे तिथे आहे, कासव काही कधी दिसले नाही. त्या न्हाणीघराच्या पुरुषांच्या बाजूला मी भिंतीला टेकून उभी असते. मित्रांनो, नुसते उभे राहणे हे काही काम वाटत नाही, पण एकदा करून पाहा.

आमच्याकडे जमिनीतून पाणी वर येते ते कढतच येते. त्यात अंडी उकडतात, रताळी शिजतात, आणि नवखा माणूस पाय घालून किंचाळतो. तुम्ही घरी काय करता? कढत पाण्यात गार पाण्याचे विसण घालता आणि दोन तांब्यांत अंघोळ उरकता. इथे विसण घातले तर आळीत तोंड दाखवायला जागा राहत नाही. विसणाने पाण्याचा गुण जातो, अशी इथल्या म्हाताऱ्यांची पक्की समजूत आहे. मग पाणी निववायचे कसे? तर माझ्यासारखी माणसाहून उंच फळी हौदाच्या तळापर्यंत घालायची आणि ढवळत राहायचे. खालचे पाणी वर, वरचे खाली. वाफ निघून जाते आणि पाणी सोसवेल इतके होते. त्याच्यातले काही कमी होत नाही आणि बाहेरचे काही त्यात येत नाही.

मी मुळात वरच्या डोंगरातल्या पाइनच्या झाडात होते. तिथे बर्फ पडायचे आणि वितळायचे, याखेरीज मला फारसे आठवत नाही. झाड तोडले, ओंडका चिरला, आणि आळीच्या सुताराने एकाच ओंडक्यातून आम्हा दोघी बहिणी काढल्या. एक पुरुषांच्या बाजूला, एक बायकांच्या. सुताराने रंधा मारून मूठ इतकी गुळगुळीत केली की पहिल्या दिवशी ज्याने त्याने हात फिरवून पाहिला. ते कौतुक मी पुष्कळ दिवस पुरवून पुरवून वापरले.

तेव्हा काम दांडगे होते. संध्याकाळी शेतावरची, दुकानातली, रस्त्यावर खडी फोडणारी माणसे यायची. एकाने ढवळायचे, बाकीच्यांनी गाणे म्हणायचे, दमला की दुसऱ्याने मूठ धरायची. आणि इतकी वर्षे कढत पाण्यात बुडून माझ्या खालच्या टोकाची जाणीवच गेली. आता पाणी कढत आहे की कोमट, मला सांगता येत नाही. मला ते दुःख वाटत नाही. खरे सांगायचे तर काहीच वाटत नाही.

एका वर्षी कडाक्याच्या थंडीत बहिणीला तडा गेला. न्हाणीघर सांभाळणाऱ्या तोकिए आजीने तिला दोन दिवस उन्हात ठेवून पाहिले, मग फोडून चुलीत घातले. त्या वेळी आजीच्या चहाला चांगला वास आला म्हणतात. नवी फळी आणू आणू म्हणता राहूनच गेली. पुढे बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी दोन्हीकडे गार पाण्याचे नळ बसवले, आणि माझी गरजच उरली नाही असे बऱ्याच जणांना वाटू लागले. मी कोपऱ्यात गेले. माझ्या पाठीवर शेवाळ धरले. पाहुणे माझ्यावर ओले पंचे वाळत घालायचे. घाला म्हटले.

मात्र आळीची माणसे मला अजून वापरत, आणि फळी एक नि बाजू दोन म्हणून एक रीतच पडली. पुरुष आणि बायका यांच्यामध्ये लाकडी भिंत आहे, पण ती छतापर्यंत जात नाही. वाफ कोंडू नये म्हणून वर मोकळी जागा सोडली आहे. इकडचे ढवळून झाले की भिंतीवरून मला पलीकडे द्यायचे. पलीकडचीने धरल्याखेरीज सोडायचे नाही, नाहीतर कुणाच्या तरी डोक्यात बसायची.

दर वर्षी पाने लाल झाली की एक जोडपे एका रात्रीसाठी गावात येत असे. ते वरच्या आळीतल्या, राहायचीही सोय असलेल्या खाणावळीत उतरत. खाणावळीत स्वतःचे न्हाणीघर होते, तरी ते सुती झगे घालून, लाकडी खडावा वाजवत खाली आमच्याकडे येत. नवरा कियोहिरो, ट्राम चालवणारा, दिवसभर घंटा वाजवून तोंडाने बोलायचे विसरलेला. बायको सोनोए, बुटकी आणि तोंडाची फटकळ. तिलाच कासवाचे पाणी हवे असे. म्हणायची, खाणावळीतले पाणी म्हणजे कालची आमटी. पुढे त्यांच्यासोबत मुलगी मिझुए येऊ लागली, मग जावई शोगो, मग नात चिहारु.

कियोहिरो इकडे ढवळायचा. तो थांबला की पलीकडून सोनोएचा आवाज यायचा.

"अहो, झोपलात का? द्या की लवकर!"

"घेतली का?"

"घेतली."

"नीट धरलीस?"

"धरली हो! सोडा आता, का मीही येऊ वर?"

दोन्हीकडची माणसे हसायची. तो मात्र हसत नसे. ती पालथ्या बादलीवर उभी राहून मला खाली घेई. वर्षभरात माझ्याकडे येणाऱ्या हातांत तिचे हात मला वेगळे ओळखू यायचे, कारण ती मूठ कधीच एका हाताने धरत नसे.

यंदा पाने लाल झाली. उतरणीवर खडावा वाजल्या. मी मोजत नाही, पण आवाज कमी होता हे मलाही कळले.

पुरुषांच्या बाजूला कियोहिरो आणि शोगो आले. आत आळीतला गेंझो म्हातारा आधीपासून अंग चोळत बसला होता. गेंझोचे आणि कियोहिरोचे नाते वर्षातून एका संध्याकाळचे, पण जुने.

"या, या कियोहिरोराव! आम्ही म्हटलं, यंदा डोंगर विसरलात की काय. वहिनी पलीकडे का? अजून आवाज नाही आला. भांडण झालं वाटतं!"

कियोहिरो "हं" म्हणाला आणि नळाखाली बसला. शोगोने गेंझोच्या शेजारी बादली सरकवली आणि हळूच सांगितले, "आई गेल्या. ऐन हिवाळ्यात. दोन दिवस ताप काय आला, आणि..."

गेंझोच्या हातातला साबण निसटून मोरीत गेला.

"मला मेल्याला भांडणाचंच सुचलं," तो म्हणाला.

"तुम्हाला काय ठाऊक. बाबांना तरी ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तेव्हापासून असेच आहेत. जेवायला वाढलं की जेवतात, झोपा म्हटलं की झोपतात. रडले नाहीत. आईंचं नावसुद्धा घेत नाहीत. मिझुएनं फोटो पुढ्यात ठेवला तर म्हणाले, चष्मा कुठंय, आणि वर्तमानपत्र उघडलं."

"होतं असं पुरुषमाणसाचं."

"मिझुएला ते कसं सांगू? ती म्हणते, माझ्या आईनं जन्म काढला ह्यांच्यामागे आणि ह्यांना एकदा तिचं नाव घ्यायला होत नाही. ही सहल तिनं हट्टानं काढली. म्हणते, इथं तरी बोलतील. इथंही नाही बोलले, तर त्यांचं ते बघून घेतील, मी पुन्हा त्या घराची पायरी चढणार नाही." शोगोने तोंडावर पाणी मारले. "आणि ती बोलते तसं करते हो."

कढत पाण्याजवळ माणसाची जीभ सैल होते. मी असली बोलणी पुष्कळ ऐकली आहेत. ही बातमी मी ऐकली आणि भिंतीला टेकून उभी राहिले. दुसरे काय करणार?

भिंतीपलीकडे चिहारुचे रडगाणे चालू झाले होते. "मी नाही येणार. पाय भाजतो. आजी कशी गार करायची?" त्यावर मिझुएचा आवाज आला, "गप बस. अंगावर घेऊ दोन तांबे आणि जाऊ." फळी मागायला तिने हाक दिली नाही. त्या भिंतीवरून हाक देण्याचे काम तिच्या आईचे होते.

इकडे कियोहिरो अंग धुऊन उठला आणि पाणी न ढवळता सरळ हौदात उतरला.

आमच्या हौदात असे कुणी उतरत नाही. मुरलेला गेंझोसुद्धा नाही. त्या दिवशी झऱ्याला जोर होता, पाण्यावर वाफेचा पडदा होता. कियोहिरो गळ्यापर्यंत बसला. त्याची कातडी लाल झाली, मग आणखी लाल झाली. चेहऱ्यावर काही नाही. डोळे समोरच्या भिंतीवर.

"अहो, पोळाल!" गेंझो म्हणाला. "ढवळा तरी!"

"हं."

"बाबा, बाहेर या," शोगो म्हणाला. "बाबा!"

तो हलला नाही. शोगो घाबरला आणि शहरातल्या माणसाला जे सुचावे तेच त्याला सुचले. त्याने धावत जाऊन गार पाण्याचा नळ पुरता सोडला.

"अरे अरे अरे!" गेंझो ओरडला. "विसण? जावईबापू, विसण? हौदात? माझ्या डोळ्यांदेखत?"

"मग काय यांना शिजू देऊ?"

"हात धरून ओढ, पण विसण नको!"

दोघांची जुंपली. एक नळ सोडतो आहे, दुसरा बंद करतो आहे, आणि दोघेही उघडे. दुसऱ्या कुठल्या दिवशी मला त्याची मजा वाटली असती. तेवढ्यात कियोहिरो उठला. अंगातून वाफा निघत होत्या. त्याने नळ बंद केला.

"विसण नको," तो म्हणाला.

मग तो कोपऱ्यात आला. माझ्यावरचा कुणाचा तरी पंचा काढून बाजूला ठेवला आणि मला उचलले. त्याच्या हातांना काही विचारावे लागले नाही. तळापर्यंत घालायचे, वळवायचे, वर घ्यायचे. तो ढवळत राहिला. पाण्यावरचा पडदा हळूहळू विरला. दर वर्षीसारखेच सगळे झाले, आणि म्हणूनच पुढचेही झाले.

ढवळणे संपल्यावर त्याने माझे पाणी निथळू दिले. मला उभे धरले, भिंतीपाशी नेले, आणि वर उचलून पलीकडे झुकवले.

"सोनोए, घेतली का?"

मित्रांनो, माझे अर्धे अंग आता बायकांच्या बाजूला होते, म्हणून पुढचे मला दोन्हीकडचे कळले. पलीकडे मिझुए हौदाच्या काठावर बसली होती. तोकिए आजी फरशी घासत होती. दोघींनी वर पाहिले. आजीने कुंचा खाली ठेवला आणि सवयीने हात वर केला, तोंडही उघडले, आणि मग मिझुएकडे पाहून दोन्ही मिटले.

"आई," चिहारु म्हणाली, "आजोबा आजीला बोलावतायत."

मिझुएला जे नाव ऐकायचे होते ते आले होते. ऐन हिवाळ्यापासून ती ज्याची वाट पाहत होती, ते भिंतीवरून सहज येऊन पडले, आणि ते तिच्यासाठी नव्हते. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हते. ती नुसती माझ्याकडे बघत होती.

"घेतली का ग?" कियोहिरोने पुन्हा विचारले. "हात दुखतोय."

आणि मग त्याच्या बोटांना कळले. आधी बोटांना, नंतर त्याला. मुठीवरची पकड एकदम घट्ट झाली. त्याला मला पुढे देता येईना, मागेही घेता येईना. गेंझोने मान खाली घातली. मी भिंतीवर आडवी पडून राहिले, आणि ती भिंत मला पहिल्यांदाच बोचली.

पलीकडे बादली पालथी पडल्याचा आवाज झाला. मिझुए तिच्यावर चढली. तिने दोन्ही हात वर केले.

"घेतली, बाबा," ती म्हणाली.

तिने मला ओढून पाहिले.

"मी आहे, बाबा. मिझुए. नीट धरलीय."

त्याने सोडले नाही. मी ताणली गेले. दोन्ही टोकांना माणसे होती.

"सोडा ना," ती म्हणाली. आवाज मात्र आईसारखा फटकळच. "का मी येऊ तिकडे?"

तेव्हा त्याने सोडले.

तिने मला खाली घेतले आणि ती हौदाच्या काठावर उभी राहिली. मला धरायची ही तिची पहिलीच वेळ होती. दर वर्षी आई ढवळायची आणि ही मुलीची वेणी सोडत बसायची. तिने मला आडवीच पाण्यावर आपटले. फाट्कन आवाज झाला, पाणी उडून चिहारुच्या तोंडावर गेले आणि ती किंचाळून हसली.

"तशी नव्हे," भिंतीपलीकडून आवाज आला.

मिझुए थांबली.

"थोपटतेस काय, बाळ आहे का ते? उभी घाल. तळ लागू दे."

तिने मला उभे घातले.

"लागला तळ?"

"लागला."

"आता मनगटातून वळव. खांद्यातून नको, दमशील. हां. आता दुसऱ्या बाजूनं. नाही, नाही, डावीकडून सुरू कर. तुझी आई डावीकडून करायची."

मिझुएचे हात थांबले. मग पुन्हा चालू लागले.

"का? डावीकडून का?"

"उजवा खांदा धरायचा तिचा. शेवटची पाच-सहा वर्षं."

"मला कधी बोलली नाही ती."

"मलाही नाही बोलली." तो म्हणाला, "फळीचा आवाज बदलला होता. आधी दोन घाव सारखे यायचे. मग एक हलका यायला लागला. मला वाटायचं, विचारावं. मग ती हाक मारायची, चला, निघू या, आणि राहून जायचं."

तोकिए आजी फरशीकडे बघत बसली होती. मला आठवते त्याप्रमाणे त्या संध्याकाळी कियोहिरो जितके बोलला तितके तो आधीच्या सगळ्या सहली मिळून बोलला नसेल. तळाशी क्षणभर थांबू दे. वाफ तोंडावर घेऊ नकोस. घाई करू नकोस, ती कधीच घाई करत नसे, तोंडानं मात्र सगळ्या गावाची घाई. मिझुए ढवळत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून जे ओघळत होते ते माझ्या मुठीवर पडत होते, आणि त्यात घाम किती नि दुसरे किती हे मी ठरवत बसले नाही.

"आता हात घालून बघ," तो म्हणाला. "पोळतं का?"

तिने हात घातला. "पोळतंय, बाबा."

"हं."

पलीकडे तो पुन्हा हौदात उतरल्याचा आवाज आला.

"इकडेही पोळायला लागलंय," तो म्हणाला.

तो रडला का, हे मला सांगता येणार नाही. मी बायकांच्या बाजूला होते आणि भिंत मध्ये होती. शोगोला ठाऊक असेल, पण त्याने नंतर कुणाला सांगितल्याचे ऐकले नाही. चिहारु मात्र गळ्यापर्यंत पाण्यात बसली आणि बोटे सुरकुतेपर्यंत निघाली नाही. मग पलीकडून हाक आली, "मिझुए, निघू या का?" आणि ही म्हणाली, "थांबा जरा, पोरीचे केस पुसते." खडावा उतरणीवरून वर गेल्या. त्यांच्या खाणावळीत जेवण थांबले असेल.

मी तिथेच राहिले. मला परत इकडे द्यायचे कुणाच्याच लक्षात आले नाही. तोकिए आजीने मला स्वच्छ पाण्याने धुतले, शेवाळ खरवडले, आणि वाऱ्याला उभे केले. तिने का केले ते तीच जाणे. आता आळीतले लोक म्हणतात, नवी फळी आणायला हवी, ही फार दिवस टिकायची नाही. खरेच आहे. माझ्या मुठीजवळही बारीक रेघ दिसू लागली आहे.

मित्रांनो, मला कोपऱ्यात ओली ठेवू नका, पंचे वाळत घालू नका, वापरून झाले की सुकवा, एवढे सांगायचे तर ते सांगितले. पण आणखी एक सांगते. भिंतीवरून कधी कुणी काही पुढे केले, आणि हाक तुमच्या नावाची नसली, तर रुसून बसू नका. ज्याला हाक मारली तो येणार नाही, हे पुढे करणाऱ्यालाही थोड्या वेळाने कळतेच. तोवर त्याचे हात भरून येतात. आधी हात वर करा आणि धरा.